दोन बोटं माया

मास्तरांचा धंदा लहान मुलांचे कपडे शिवण्याचा, आणि त्यांचा अभिमान एकच. आपल्या हातचं कापड आजवर कुठल्या पोराला काचलं नाही. काखेत नाही, गळ्याशी नाही, कमरेला नाही. हे गिऱ्हाईक सांगायचं, आणि गिऱ्हाईक सांगायला विसरलं तर मास्तर स्वतः सांगायचे. त्यांना त्याची लाज वाटत नसे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर वर केलं की दुकान, खाली ओढलं की घर. आत एक मशीन, कापायचं लांब टेबल, पुरुषभर उंचीचा आरसा आणि काचेमागे उभी एक पोकळ पुतळी, तीन वर्षांच्या पोरीएवढी, कमरेत वाकवता येणारी. तिच्या नाकाचा टवका कधीकाळी उडाला होता, म्हणून तिचं नाव नकटी. मास्तरीणबाई पाठीमागे बसून काजं-बटणं करायच्या आणि तिथूनच सगळ्या जगाला शिस्त लावायच्या.

ट्रायलला पोर आलं की मास्तर गुडघ्यावर बसत, त्याच्या खांद्यापाशी कापड चिमटीत धरत आणि आईला दाखवत. "हे बघा, आलं ना चिमटीत? वाढतं अंग आहे. आणि आतून दोन बोटं माया ठेवलीय. पुढच्या वर्षी उसवा, मोठं करा." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. ज्या कुणाला हा शब्द पहिल्यांदा सुचला, त्याला सुईतलं नसेल, पण माणसातलं बरंच कळत असणार.

तर अशा या मास्तरांना एक नात होती. तिला सगळे ठमी म्हणत, कारण बोलायला शिकली तीच मुळी कमरेवर हात ठेवून. तीन वर्षांची होती, पण दुकानात टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करता करता मास्तरांची सगळी भाषा तिनं उचलली होती. बाहुलीला चिंधी गुंडाळायची आणि वरून हुकूम सोडायचा, "माया थेव हं आबा, दोन बोतं!" मास्तर यावर असे विरघळायचे की मास्तरीणबाईंना हातातली सुई खाली ठेवावी लागे.

ठमीचा बाप कामासाठी दूरच्या गावी, महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचा. जाताना आपली गाडी इथेच ठेवून गेला होता, आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठमीची खुर्ची बसवून गेला होता. लहान मुलांची असते ती, कवचासारखी, खांद्यांवरून दोन पट्टे, कमरेवरून दोन आणि पायांच्या मधे बक्कल. सकाळी सूनबाई ठमीला त्या खुर्चीत बांधून बालवर्गात सोडायची, गाडी परत दारात लावायची आणि कोपऱ्यावरून बस पकडून हॉस्पिटलात जायची. तिथे ती एक्स-रे काढायची. दुपारी ठमीला आणायचं काम मास्तरांकडे.

काम कसलं, सणच म्हणा ना रोजचा! जेवण झालं की मास्तरांचं लक्ष मशीनवरून उडालंच. चष्मा पुसायचे, शर्ट बदलायचे, आरशात केस बघायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "बालवर्गात चाललात की स्वतःच्या लग्नाला?" पण मास्तर तोवर किल्ली खुळखुळवत बाहेर पडलेले असत. हात थोडे थरथरायला लागल्यापासून मोठी गिऱ्हाइकं कमी झाली होती, मुलगा दूर होता, दिवस लांबच लांब वाटायचा. त्यात ही दुपारची एक फेरी तेवढी स्वतःची. मागे बसून ठमीनं "आबा, आज ना" म्हणून सुरुवात केली की घर येऊ नये असं त्यांना वाटे.

सकाळचं चित्र मात्र वेगळं होतं. सकाळी सूनबाई पट्टे ओढायची आणि ठमी गल्ली डोक्यावर घ्यायची. "काचतंय! आई, काचतंय! आई दुष्त आहे!" दुकानात मास्तरांची कात्री कापडात अर्ध्यावर थांबायची. काचतंय! त्यांच्या नातीला, त्यांच्या घरात, काचतंय!

"अगं सूनबाई, जरा सैल कर की," ते एकदा दारातून म्हणालेच.

"नाही बाबा, असंच असतं ते. खांद्यापाशी पट्टा चिमटीत येता कामा नये. तुम्ही दुपारी बांधता तेव्हाही बघत जा हं."

"बघतो, बघतो," मास्तर म्हणाले. मनात म्हणाले, चिमटीत न येणारं माप! आमच्या दुकानात असलं काही निघालं असतं तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं असतं.

आणि मग दुपारी, बालवर्गाच्या फाटकाशी, मास्तरांनी पट्टे सैल केले. किती? दोन बोटं. मग ठमी म्हणाली, "अजून". मग अजून दोन. ठमी हसली, पाय हलवायला लागली, म्हणाली, "आबा छान आहे." झालं. माणूस कशाला विकला जातो ते सांगता येत नाही. मास्तर या तीन शब्दांना गेले.

एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले? त्यांनी उरलेली मखमल काढली, आत कापूस भरला आणि ठमीसाठी एक गादी शिवली. बुडाला आणि पाठीला एकसंध, कडेनं पायपिंग, मध्ये टाके. पट्ट्यांवर चढवायला मखमलीच्या गुबगुबीत बाह्यासुद्धा शिवल्या. काम असं देखणं की मास्तरीणबाईंनीही हात फिरवून बघितला.

"सूनबाईला विचारलंत?" त्या म्हणाल्या.

"तिला कशाला उगाच त्रास? दुपारपुरतीच तर घालायची."

म्हणजे दुपारी घालायची, घरी आलं की काढायची आणि टेबलाखाली चिंध्यांच्या पिशवीत दडवायची. पट्टे तसेच सैल राहायचे. मग सकाळी सूनबाई बघायची आणि म्हणायची, "हे पट्टे आपोआप सैल होतात की काय? रोज नव्यानं ओढावे लागतात." ती ओढायची, ठमी किंचाळायची, आणि मास्तर दुकानात मान खाली घालून एखादं काज असं मन लावून करायचे, की जणू त्या काजातून उद्या राजा जाणार आहे.

दिवस मजेत चालले होते. मग एका दुपारी, बालवर्गातून येताना, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार कुणीतरी मागे न बघता उघडलं.

मास्तर काही जोरात नव्हते. कधीच नसायचे, मागून लोक हॉर्न वाजवून वैतागायचे. त्यांनी ब्रेकवर पाय दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, दारापासून हातभर अलीकडे. दार उघडणारा ओशाळं हसला, हात जोडले. मास्तरही सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात मागे ठक्कन आवाज झाला होता हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि त्यानंतरची शांतता.

त्यांनी वळून पाहिलं. ठमी मखमलीवरून घसरून पुढे आली होती. एक पट्टा खांद्यावरून उतरून दंडावर लोंबत होता. तिचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं होतं. डोळे मोठे करून ती आबांकडे बघत होती, आणि ओठातून रक्त येत होतं. मग ती रडली. रडली म्हणून मास्तरांच्या जिवात जीव आला, आणि रडते आहे म्हणून त्याच जिवाचं पुन्हा पाणी पाणी झालं.

ओठ फाटला होता, पुढचा एक दात हलत होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी बघितलं, दुधाचा आहे, राहील किंवा पडेल, घाबरू नका म्हणाले. संध्याकाळी सूनबाई आली. तिनं आधी ठमीला बघितलं, ओठ बघितला, डोकं चाचपलं, डोळ्यांत बघितलं. तिला झोपवलं. मग बाहेर जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं.

गादी काढायची त्या गडबडीत राहून गेली होती. सूनबाईनं मखमलीवर तळहात ठेवला आणि दाबला. कापूस खाली गेला. हात उचलला, कापूस वर आला. तिनं पुन्हा दाबला. मास्तर दारात उभे होते. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे काय आहे, बाबा?"

"काही नाही गं, जरा मऊ. तिला काचायचं म्हणून." आणि मग जे बोलू नये ते मास्तर बोलून गेले. "पट्ट्यातच खोट आहे. तूच म्हणायचीस ना, आपोआप सैल होतात म्हणून."

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू कळत गेलं, आणि ते कळताना बघणं मास्तरांना जड गेलं.

"म्हणजे रोज तुम्हीच…" एवढं म्हणून ती थांबली. गादी काढली, घडी घातली, त्यांच्या हातात दिली. "आमच्याकडे एक्स-रेच्या टेबलावर जी पोरं येतात ना, बाबा, ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या लाडाचीच असतात. उद्यापासून तिला मी आणेन."

"अगं पण तुझी ड्यूटी?"

"बघते मी."

आणि तिनं खरंच बघितलं. कुणाशी तरी वेळ बदलून घेतली. सकाळी ठमीला सोडून जायची, दुपारी बस पकडून धावत यायची, गाडी काढून ठमीला आणायची, तिला आजीच्या ताब्यात द्यायची आणि उरलेली ड्यूटी भरायला परत जायची. रात्री ताटावर बसली की घास हातात धरून तिचे डोळे मिटायचे. तक्रार मात्र एका शब्दाची नाही. मास्तरांशी बोलणं पूर्वीसारखंच, चहा देणं पूर्वीसारखंच. फक्त किल्ली आता तिच्या पर्समध्ये असायची.

मास्तरांची दुपार ओस पडली. जेवण झालं की हात सवयीनं खुंटीकडे जायचा, जिथे किल्ली असायची. मग ते हात तसाच वळवून मापाचा टेप उचलायचे, जसं काही टेपच घ्यायचा होता. मास्तरीणबाईंना हे सगळं दिसायचं, पण त्या बाईला दया दाखवायची पद्धत वेगळी होती.

"किती दिवस तोंड पाडून बसणार?"

"मी कुठे तोंड पाडलंय? माझ्यावर विश्वास नाही, तर नाही. संपलं."

"चूक तुमची, आणि रुसलात पण तुम्हीच. वा!"

"चूक पट्ट्याची!" मास्तर उसळले. "मऊ गादी घातली म्हणून पोर घसरेल? अगं, ब्रेक तर किती हळू मारला होता मी! दाखवूनच देतो."

"काय दाखवता?"

मास्तरांची नजर काचेमागे गेली. नकटी शांतपणे रस्त्याकडे बघत उभी होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सूनबाई ठमीला कुशीत घेऊन गाढ झोपली, तेव्हा मास्तरांनी नकटीला काचेमागून काढलं. आतून ती पोकळ, फुलासारखी हलकी. तळाचं भोक उघडून त्यांनी तिच्यात वाळू भरायला सुरुवात केली. थोडी भरायची, तिला कडेवर घ्यायचं, खोलीत एक फेरी मारायची. "हं, अजून हलकी आहे." पुन्हा वाळू. वजनकाट्याची त्यांना गरज नव्हती. ठमीचा भार त्यांच्या डाव्या कमरेला पाठ होता. शेवटी एकदा नकटीला कडेवर घेऊन ते थांबले, कारण तंतोतंत ठमीच कडेवर बसल्यासारखं वाटलं. त्यांनी तिला ठमीचा निळा फ्रॉक घातला.

किल्ली पर्समधून काढायचं काम मास्तरीणबाईंनी केलं. "चोरी करायला लावता या वयात," असं म्हणत, पण केलं. दोघं नकटीला दोन बाजूंनी धरून बाहेर पडले, तर समोरचा न्हावी दारातच उभा.

"मास्तर, नकटीला कुठे नेताय?"

"फिरायला," मास्तर म्हणाले. "किती वर्षं काचेतच उभी आहे बिचारी."

गावाबाहेर बंद पडलेल्या कारखान्यामागे मोठं मोकळं मैदान होतं. तिथे मास्तरांनी खुर्चीत आपली मखमली गादी अंथरली, बाह्या चढवल्या, नकटीला बसवलं, आणि पट्टे नेहमीसारखे बांधले. नेहमीसारखे म्हणजे ठमीच्या पसंतीचे. खांद्यापाशी चिमटी घेतली. चिमटीत पट्टा छान आला. "बघ," ते मास्तरीणबाईंना म्हणाले, "कशी ऐसपैस बसलीय. राणीसारखी."

मास्तरीणबाई पुढे बसल्या, दाराची मूठ घट्ट धरून. "सावकाश हं. मला अजून नातीचं लग्न बघायचंय."

मास्तर सावकाशच निघाले. त्या दिवशी होता तेवढाच वेग धरला आणि पाय दाबला.

मागे जो आवाज झाला, तो मास्तरांनी आधी एकदा ऐकला होता. फक्त या वेळी त्यानंतर रडणं आलं नाही. नकटीला रडता येत नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी ते रडण्याची वाट बघत क्षणभर तसेच बसले. मग उतरून मागचं दार उघडलं. दोन्ही पट्टे खांद्यांवरून उतरलेले, मखमलीच्या बाह्या कोपरांपाशी गोळा झालेल्या. नकटी कमरेतून पुढे झेपावलेली, तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर. मानेला आडवा तडा गेला होता आणि त्यातून बारीक वाळू निळ्या फ्रॉकवर गळत होती.

मास्तरांनी फ्रॉकवरची वाळू झटकायला हात नेला आणि हात हवेतच राहिला. तो फ्रॉक त्यांनीच शिवला होता. गळ्याशी न काचणारा.

"अहो," मास्तरीणबाई मागून म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता, आणि तो आवाज मास्तरांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. "आता तिच्या पद्धतीनं करून बघा."

त्यांनी मानेच्या तड्यावर गाडीत सापडलेली चिकट टेप गुंडाळली. गादी काढून बाहेर टाकली. नकटीला खुर्चीच्या पाठीला भिडवून बसवलं, पट्टे ओढले. चिमटी घेतली, आला. अजून ओढले. चिमटी घेतली, आला. बोटांना इतक्या वर्षांची सवय, थोडं सैल राहिल्याशिवाय ती थांबेचनात. तिसऱ्यांदा ओढल्यावर चिमटी नुसती पट्ट्यावरून निसटली. पोराच्या अंगावर इतकं घट्ट काही त्यांनी जन्मात चढवलं नव्हतं.

पुन्हा तोच वेग, पुन्हा तोच पाय. मागे काही वाजलं नाही. नकटीची मान तेवढी डुलली आणि परत जागेवर आली. खांदे होते तिथेच होते.

मास्तरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, हातांवर कपाळ टेकवलं आणि रडले. चांगले हुंदके देऊन रडले. "हा तर नुसता ब्रेक होता गं," ते म्हणत होते. "नुसता ब्रेक. समोरून खरंच काही आलं असतं तर?" मास्तरीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि एकदाही 'मी सांगत होते' म्हटलं नाही. हे त्यांच्या संसारात पहिल्यांदाच घडलं.

घरी आले तेव्हा सूनबाई दारातच उभी होती. गाडी जागेवर नाही, किल्ली नाही, सासू-सासरे नाहीत, काचेमागे नकटी नाही. तिला काय समजायचं तेच समजेना. तेवढ्यात मास्तर उतरले, कडेवर टेपनं बांधलेली नकटी, दुसऱ्या हातात मखमली गादी. थेट दुकानात गेले, टेबलाशी बसले, आणि उसवणी घेऊन गादीचे टाके उसवायला लागले.

सूनबाईनं मास्तरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. सूनबाई ऐकत ऐकत टेबलापाशी आली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"राहू द्या ना बाबा. छान शिवलीय. ठमीच्या बाहुलीला होईल."

"नको," मास्तर मान वर न करता म्हणाले. "त्या दिवशी मी पट्ट्याला खोट लावली. ती पट्ट्यात नव्हती, माझ्यात होती. तुझंच बोलणं तुझ्या तोंडावर मारलं मी. माफ कर, पोरी."

सूनबाईनं गादीचं दुसरं टोक धरलं, म्हणजे उसवायला सोपं जाईल. टाके सुटत असताना तीच म्हणाली, "तुम्हाला वाटायचं, मला तिचं रडणं ऐकू येत नाही?"

"नाही गं…"

"रोज सकाळी ती मला दुष्ट म्हणते. तशा रडत्या पोरीला मी बालवर्गात सोडते, मग बसमध्ये बसून मी रडते. आणि दुपारी तीच पोर तुमच्याबरोबर गाणी म्हणत घरी यायची. मला वाटायचं, माझ्याच हातात काहीतरी वाईट आहे." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "तिला एवढं काचत नाही हो, बाबा. मला काचतं."

मास्तरांची उसवणी थांबली. त्यांना वाटलं होतं, आपण पोरीला सुख देतोय. ते सुख कुठून येत होतं हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. रोज दुपारी ते ठमीचा सगळा राग तिच्या आईच्या माथी सोडून स्वतः छान होऊन बसत होते.

सूनबाईनं पर्स उघडली. "उद्या दुपारपासून तुम्ही आणा तिला. खरंच. मला झेपत नाहीये."

दुपार! गेले कित्येक दिवस ज्या दुपारीसाठी मास्तरांचा जीव तुटत होता, ती समोर टेबलावर किल्लीच्या रूपानं पडली होती. त्यांनी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

"दुपारचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी सकाळी मी बांधतो तिला. तू फक्त शेजारी उभी राहा. काय शिव्या द्यायच्या त्या मला देऊ दे."

सूनबाई हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. मास्तरीणबाई पाठीमागून म्हणाल्या, "आता दोघंही रडत बसा, मी चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी दप्तर ओढत बाहेर आली, तर गाडीपाशी आबा! तिचा आनंद काही विचारू नका. पट्ट्यांच्या राज्यात आज आबाचं सरकार! टुणकन उडी मारून खुर्चीत बसली. बसता बसता तिला दुकानाच्या काचेतून नकटी दिसली, मानेला पांढरी टेप गुंडाळलेली.

"आबा, नकतीला काय झालं?"

"लागलं तिला."

"कसं?"

"तिचं सगळं ऐकलं आबानं, म्हणून," मास्तर म्हणाले, आणि वाकून बक्कल लावलं. खट्ट.

मग त्यांनी पट्टा ओढला. ठमीनं चमकून वर बघितलं. हे आबाचे हात होते, पण ओढणं आईचं होतं.

"आबा, काचतंय."

"हो."

"आबा, माया थेव ना. दोन बोतं!"

मास्तरांचा हात थांबला. सूनबाई दाराशी उभी होती. लहानशा ओठावर जखमेची खपली अजून होती. एक बोटभर सैल सोडायला काय लागत होतं? ठमी हसली असती, आबा छान झाला असता, आणि सूनबाईनंही कदाचित बघून न बघितल्यासारखं केलं असतं.

"माया आतून ठेवायची असते, ठमे," मास्तर म्हणाले. "बाहेरून सैल दिसलं तर ती माया नव्हे, मास्तरची चूक." आणि त्यांनी पट्टा शेवटचा ओढला.

ठमीनं आधी खालचा ओठ बाहेर काढला. मग गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आबा दुष्त! आबा पण दुष्त!" समोरचा न्हावीसुद्धा वस्तरा हातात धरून बाहेर आला.

"हो, दुष्ट," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात पट्ट्यावर होता.

"बाबा, चिमटी?" सूनबाईनं हळूच विचारलं.

मास्तरांनी नातीच्या खांद्यापाशी दोन बोटं नेली आणि चिमटी घेतली. बोटं निसटली. पुन्हा घेतली. पुन्हा निसटली.

"नाही येत," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.